बालेवाडीचं पगारपत्रक: पुण्यातले चार फुटबॉल क्लब कशामुळे संपले

२०१४-१५चा हंगाम संपल्यावर पुणे एफसी आणि भारत एफसी हे दोन क्लब आय-लीग या राष्ट्रीय लीगमधून बाहेर पडले. २०१७मध्ये डीएसके शिवाजियन्स थांबला. २०१९च्या ऑगस्टमध्ये एफसी पुणे सिटीची इंडियन सुपर लीगमधली, म्हणजे आयएसएलमधली जागा हैदराबादला गेली. चौघांचंही घरचं मैदान एकच होतं, म्हाळुंगे-बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल. मालक चार, खेळण्याच्या पद्धती चार, पण आर्थिक रचना सगळ्यांची जवळपास सारखी. म्हणून या चार क्लबांकडे आम्ही एकच प्रकरण म्हणून पाहतो.

पुण्यात या विषयावर बोलणं निघालं की एक उत्तर ठरलेलं असतं: परदेशातल्या म्हाताऱ्या खेळाडूंवर पैसे उधळले, दुसरं काय होणार? त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. भारत एफसीने कुणी जगप्रसिद्ध तारा आणला नव्हता, तरीही तो एका हंगामात संपला. खरी अडचण अशी की खेळाडूचं वेतन हे महिनोन्महिन्यांचं पक्कं देणं असतं आणि त्यामागचा पैसा मात्र मालकाच्या दुसऱ्याच धंद्यातून येत असतो. त्या धंद्याला पडसं झालं की क्लबला न्यूमोनिया होतो. वेतन जास्त होतं की कमी हा त्यानंतरचा प्रश्न.

आधीचे तीन क्लब

पुणे एफसी २००७मध्ये सुरू झाला. मालक अशोक पिरामल समूह, ज्याची पेनिन्सुला लँड ही बांधकाम क्षेत्रातली कंपनी. आय-लीगमधल्या आपल्या पहिल्याच मोसमात, २००९-१०मध्ये, संघ तिसरा आला आणि २०१२-१३मध्ये उपविजेता ठरला. अकादमी तर देशातल्या उत्तम अकादम्यांपैकी होती. आशिक कुरुनियन तिथलाच. मैदानावरच्या कामगिरीत खोट काढायला जागा नव्हती. पण २०१४मध्ये आयएसएल आली, प्रायोजक आणि प्रक्षेपणाचा सगळा ओघ तिकडे वळला आणि आय-लीगच्या भवितव्याबद्दलच शंका निर्माण झाली. मालकाने हात काढून घेतला आणि क्लब संपला. अकादमी पुढे एफसी पुणे सिटीकडे गेली.

भारत एफसी कल्याणी समूहाचा. थेट प्रवेश मिळाल्यामुळे पदावनतीची, म्हणजे खालच्या लीगमध्ये ढकललं जाण्याची, भीती नव्हती. २०१४-१५मध्ये अकरा संघांत शेवटचा आला आणि तिथेच थांबला.

डीएसके शिवाजियन्सला २०१५-१६मध्ये थेट प्रवेश मिळाला. लिव्हरपूलच्या सहकार्याने चालणारी त्यांची अकादमी हीच त्यांची खरी कमाई होती. आज भारतीय संघात दिसणारा लालियानझुआला छांगटे त्या वाटेने आलेला. दोन हंगामांनी क्लब बाहेर पडला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये बांधकाम व्यवसायातल्या डीएसके समूहाविरुद्ध ठेवीदारांच्या तक्रारींवरून गुन्हा दाखल झाला.

पुढे येणारा एफसी पुणे सिटी वाधवान समूहाचा, ज्यांची डीएचएफएल ही गृहकर्ज देणारी कंपनी. म्हणजे चारपैकी तीन क्लबांचा पैसा जमीन, घरं आणि गृहकर्ज या एकाच साखळीतून येत होता. शहराचं अख्खं व्यावसायिक फुटबॉल एका क्षेत्राच्या तेजी-मंदीला बांधलेलं होतं. हे त्या वेळी कुणी मोठ्याने बोललं नाही, कारण तेजीत असं काही दिसत नाही.

एफसी पुणे सिटी: वेतन कसं वाढत गेलं

२०१४च्या पहिल्या आयएसएलमध्ये आठ संघ होते, साखळीत प्रत्येकाला १४ सामने आणि हंगाम १२ ऑक्टोबर ते २० डिसेंबर असा जेमतेम सव्वादोन महिन्यांचा. पुण्याने १९९८चा विश्वविजेता डेव्हिड ट्रेझेगे आणला. पुढच्या वर्षी एड्रियन मुटू, तुंचाय, दिदिए झोकोरा आले. २०१६मध्ये मार्की, म्हणजे संघाचा मुख्य तारा खेळाडू म्हणून आयडुर गुडयॉन्सन करारबद्ध झाला, पण दुखापतीमुळे एकही सामना न खेळता परतला आणि त्याच्या जागी मोहम्मद सिसोको आणावा लागला. इतक्या छोट्या हंगामात एका दुखापतीने मार्कीवरचा अख्खा खर्च पाण्यात जातो. दहा महिन्यांच्या लीगमध्ये तो खेळाडू दोन महिन्यांनी परत येऊ शकतो, इथे तोवर लीगच संपलेली असते.

भारतीय खेळाडूंचे भाव याच काळात चढले. जुलै २०१५च्या लिलावात युजीन्सन लिंगडोहला पुण्याने १ कोटी ५ लाखांना घेतलं. त्याची मूळ किंमत होती साडेसत्तावीस लाख. त्याहून जास्त बोली फक्त सुनील छेत्रीवर लागली, १ कोटी २० लाख. ही रक्कम तीन महिन्यांच्या मोसमासाठी होती. उरलेले महिने हे खेळाडू आय-लीग क्लबांकडून खेळत आणि तिथलं वेतन वेगळं घेत.

२०१७-१८मध्ये हे चित्र उलटलं. आयएसएल दहा संघांची झाली, प्रत्येकाला १८ साखळी सामने, हंगाम नोव्हेंबर ते मार्च, आणि आय-लीग त्याच वेळी. आता एकच क्लब खेळाडूला वर्षभर पोसणार होता. भाव मात्र तीन महिन्यांच्या मोसमात ठरलेले होते आणि कुणी खाली यायला तयार नव्हतं. २०१७च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे क्लबांनी आळीपाळीने खेळाडू निवडण्याच्या फेरीत, सर्वांत वरच्या भारतीय खेळाडूंची किंमत १ कोटी १० लाख होती. वेतनासोबत फिजिओ, सराव मैदान, राहणं, जेवण, प्रवास हे सगळे खर्च तीन महिन्यांवरून नऊ-दहा महिन्यांवर गेले. आमच्या मते पुण्याच्या क्लबचं पगारपत्रक खऱ्या अर्थाने इथे बिघडलं. गंमत अशी की मैदानावर तोच त्यांचा सर्वोत्तम हंगाम ठरला. एमिलियानो अल्फारो आणि मार्सेलिन्यो भरात होते, संघ चौथा आला, उपांत्य फेरीत बेंगळुरूकडून हरला.

तिकिटांचा हिशेब

आयएसएलसाठी बालेवाडीत सुमारे नऊ हजार प्रेक्षकांची सोय होती. घरचे साखळी सामने नऊ. प्रत्येक सामन्याला एकूण एक खुर्ची भरली आणि तिकिटाची सरासरी किंमत २०० रुपये धरली, तर ९,००० गुणिले २०० गुणिले ९, म्हणजे १ कोटी ६२ लाख. त्यातून पोलिस बंदोबस्त, स्टेडियमचं भाडं, तिकीट विकणाऱ्या कंपनीचं कमिशन आणि कर वजा जातात. त्या काळात आयएसएल संघांची वेतनमर्यादा सोळा ते अठरा कोटींच्या घरात होती. म्हणजे एकही जागा रिकामी न राहता सगळा हंगाम भरला असता तरी वेतनाचा दहावा हिस्सासुद्धा तिकिटांतून निघत नव्हता. ऑरेंज आर्मी या समर्थक गटाच्या पोरांनी घसा कोरडा केला म्हणून हा आकडा हलणार नव्हता.

युरोपीय स्पर्धांत खेळणाऱ्या क्लबांवर युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल महासंघाने, बंधन घातलं आहे: खेळाडू व प्रशिक्षकांची वेतनं, दुसऱ्या क्लबकडून खेळाडू आणण्याचा खर्च आणि एजंटांचं शुल्क मिळून उत्पन्नाच्या ७० टक्क्यांवर जाता कामा नये. २०२३मध्ये ही मर्यादा ९० टक्के होती, पुढच्या वर्षी ८०, आणि २०२५पासून ७०. भारतात वेतनमर्यादा होती ती ठरावीक रकमेची, उत्पन्नाशी तिचा संबंध नव्हता. अशी मर्यादा संघांमधली चुरस टिकवते, पण क्लबला ते वेतन परवडतं की नाही हे तपासत नाही.

करारातला आकडा आणि खरा आकडा

परदेशी खेळाडूशी बोलणी होते ती हातात पडणाऱ्या रकमेवर. कर क्लबने भरायचा. अनिवासी परदेशी खेळाडूला भारतात २० टक्के दराने कर लागतो, पण उत्पन्न एक कोटीच्या वर गेलं की अधिभार आणि ४ टक्के उपकर धरून तो २३.९२ टक्के होतो. खेळाडूच्या हाती १ कोटी द्यायचे तर क्लबला १ कोटी ३१ लाखांहून थोडी जास्त रक्कम मोजावी लागते. हंगाम लांबला, खेळाडूचा मुक्काम १८२ दिवसांचा झाला आणि तो निवासी ठरला की नेहमीचे टप्पे लागू होतात आणि बोजा आणखी चढतो. मोसम लांबवताना अनेक क्लबांनी हा हिशेब उशिरा केला.

दुसरी गळती डॉलरची. परदेशी करार बहुधा डॉलरमध्ये असतात. २०१४च्या पहिल्या मोसमात डॉलर ६१ रुपयांच्या आसपास होता, ऑक्टोबर २०१८मध्ये तो ७४वर पोचला. दोन लाख डॉलरचा करार ६१च्या भावाने १ कोटी २२ लाखांचा, ७४च्या भावाने १ कोटी ४८ लाखांचा. खेळाडू तोच, करार तोच, २६ लाख जास्त. संघात असे सात-आठ जण असले की वर्षाच्या अंदाजपत्रकात दीड-दोन कोटींचं भोक पडतं. करार करतानाच बँकेकडून पुढच्या तारखांचे डॉलर ठरलेल्या भावाने बांधून घेणं हा यावरचा साधा उपाय आहे. त्याला पैसे लागतात, पण ते आधीच कळतात.

या दोन्हींवर एजंटचं शुल्क, सदनिका, विमानभाडी आणि विमा चढतो. विम्याची काटकसर सर्वांत महागात पडते. गुडयॉन्सनसारखी दुखापत झाली की तोच विमा कामाला येतो.

हप्ता चुकतो तेव्हा

पुढचे आकडे कोणत्याही एका क्लबचे नाहीत, रचना कळावी म्हणून मांडले आहेत. समजा क्लबचा वर्षाचा खर्च ३० कोटी, त्यात वेतन १७ कोटी. तिकिटांतून १ कोटी, प्रायोजकांकडून ६ कोटी, लीगच्या मध्यवर्ती उत्पन्नातून १० कोटी. तूट १३ कोटींची, ती मालक भरणार. महिन्याचं वेतन १ कोटी ४२ लाख आणि मालकाकडून दरमहा लागणारी रक्कम १ कोटी ८ लाख.

आता लीगकडून येणारा तिमाही हप्ता, अडीच कोटींचा, एका तिमाहीने लांबला. अडीच कोटी म्हणजे पावणेदोन महिन्यांचं वेतन. त्याच काळात मालकाने एका महिन्याचे पैसे अडकवले की थकबाकी अडीच महिन्यांच्या वेतनाइतकी झाली. दोन महिन्यांची थकबाकी ही फिफाच्या नियमातली रेषा आहे, ती ओलांडली की खेळाडू करार मोडू शकतो. नीट चाललेला दिसणारा क्लब या रेषेपासून दोन चुकलेल्या हप्त्यांइतकाच लांब असतो.

पैसे आटतात तेव्हा देणी एका ठरावीक क्रमाने थकतात. आधी पुरवठादार: बसवाला, हॉटेल, किट धुणारा. मग करकपात, म्हणजे वेतनातून टीडीएस कापून घ्यायचा पण सरकारजमा करायचा नाही. मग अकादमीची खानावळ आणि वयोगट संघांचे प्रवास. मग कार्यालयीन कर्मचारी आणि फिजिओ. त्यानंतर भारतीय खेळाडू आणि सर्वांत शेवटी परदेशी, कारण परदेशी खेळाडूची तक्रार थेट फिफाकडे जाते आणि तिथून नव्या खेळाडूंची नोंदणीबंदी येते. सर्वांत कमी पगाराचा माणूस सर्वांत आधी उपाशी राहतो, कारण त्याच्या हातात दाद मागण्याचं साधन सर्वांत कमजोर असतं. हे आम्हाला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत अन्यायाचं वाटतं.

खेळाडूला सर्वांत लवकर कळणारी खूण टीडीएसची आहे. कंपनीने कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरायचा असतो आणि तिमाही विवरणपत्रानंतर तो खेळाडूच्या फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याच्या करनोंदीत, दिसतो. पगारचिठ्ठीत कपात आहे आणि फॉर्ममध्ये रकाना रिकामा आहे, तर क्लब त्या पैशावर दिवस काढतो आहे असं धरून चालावं. पगार थकण्याआधी एखाद-दुसरी तिमाही तरी ही खूण दिसते.

पुण्याची जागा हैदराबादला कशी गेली

सप्टेंबर २०१८मध्ये आयएल अँड एफएस ही पायाभूत सुविधांना कर्ज देणारी वित्तसंस्था कोसळली आणि बिगरबँक वित्तसंस्थांना मिळणारं कर्ज आटलं. डीएचएफएलचे रोखे त्याच महिन्यात घसरले. जून २०१९मध्ये कंपनीने रोख्यांवरचं व्याज चुकवलं आणि २० नोव्हेंबर २०१९ला रिझर्व्ह बँकेने तिचं संचालक मंडळ बरखास्त केलं. या दोन तारखांच्या मधोमध, ऑगस्टमध्ये, एफसी पुणे सिटी संपला. २०१८-१९मध्ये संघ सातवा आला होता. प्रशिक्षक फिल ब्राउन, मार्सेलिन्यो, आदिल खान असे बरेच जण हैदराबाद एफसीत दिसले. आशिक बेंगळुरूला गेला.

त्याच ऑगस्टमध्ये इंग्लंडमध्ये १८८५ साली स्थापन झालेल्या बरी एफसीला लीगमधून काढण्यात आलं. तिथेही कारण पैशाचंच. पण तिथे मैदान क्लबचं होतं, नाव होतं, गावाचा हक्क होता. समर्थकांनी मैदान आणि नाव परत मिळवलं आणि २०२३मध्ये बरी पुन्हा खालच्या लीगमध्ये खेळू लागला. पुण्यात परत मिळवण्यासारखं काही नव्हतं. स्टेडियम राज्य सरकारचं, जागा लीगची, खेळाडू करार संपला की मोकळे. मोडीत काढायला ठोस मालमत्ताच नसते, म्हणून ज्याचं येणं थकलं आहे त्याच्या हातीही काही लागत नाही. दिवाळखोरी कायद्यानुसार मानधनावर काम करणारा खेळाडू हा परिचालन धनको ठरतो, म्हणजे रांगेत खूप मागे. शिवाय मार्च २०२०पासून एक कोटीच्या खालच्या थकबाकीसाठी ती प्रक्रिया सुरूच करता येत नाही.

जागा हलली तरी रचना तीच राहिली. हैदराबादने २०२१-२२मध्ये विजेतेपद मिळवलं. दोन हंगामांत त्या क्लबवर थकबाकीमुळे नव्या खेळाडूंच्या नोंदणीची बंदी आली, परदेशी खेळाडू मोसमाच्या मध्यावर निघून गेले, आणि २०२५मध्ये तो क्लब दिल्लीला हलला. २०२५च्या जुलैमध्ये, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाला वर्षाला ५० कोटी देणाऱ्या कराराची मुदत डिसेंबरमध्ये संपणार म्हणून लीगच्या आयोजकांनी मोसम रोखून धरला. ऑगस्टमध्ये बेंगळुरू आणि चेन्नईयिनने वेतनं थांबवली. पुण्यात एकेका मालकाचं झालं ते या वेळी सगळ्या लीगचं एकदम झालं.

खेळाडूच्या हातात काय असतं

फिफाच्या खेळाडू दर्जा व बदली नियमांतलं कलम १४ बिस २०१८पासून लागू आहे. दोन महिन्यांचं वेतन थकलं की खेळाडूने लेखी नोटीस द्यायची आणि किमान १५ दिवसांची मुदत द्यायची. मुदतीत पैसे आले नाहीत तर सबळ कारणाने करार संपवता येतो. त्यानंतर उरलेल्या कराराची रक्कम, वजा नव्या क्लबकडून मिळणारं वेतन, अधिक थकबाकीमुळे करार मोडला म्हणून तीन महिन्यांचं जादा वेतन, अशी भरपाई मागता येते. करार मोडायचा नसेल, फक्त पैसे हवे असतील, तर कलम १२ बिस: ३० दिवसांहून जास्त थकलेल्या रकमेसाठी किमान १० दिवसांची नोटीस. निकालानंतर ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर क्लबवर तीन सलग नोंदणी कालखंडांपर्यंत बंदी येऊ शकते. दावा दोन वर्षांच्या आत करावा लागतो.

यात तीन चुका सर्रास होतात. पहिली, नोटीस व्हॉट्सॅपवर किंवा तोंडी देणं. नोटीस क्लबच्या अधिकृत ईमेलवर जावी, रक्कम आणि महिने त्यात स्वच्छ लिहावेत, मुदतीची तारीख द्यावी. दुसरी, १५ दिवस पुरे व्हायच्या आत सराव सोडणं, म्हणजे खेळाडूच करारभंग करणारा ठरतो. तिसरी, अर्धे पैसे घेऊन "सर्व हिशेब चुकता" अशा कागदावर सही करणं. भारतीय खेळाडूचा भारतीय क्लबशी वाद फिफाकडे जात नाही, तो महासंघाच्या समितीकडे जातो, आणि तिथे नीट लिहिलेली नोटीस आणखी मोलाची ठरते. नवा मालक क्लब घेतो तेव्हा जुनी देणी त्याच्याकडे येतात का, हे फिफा नाव, रंग, मुख्यालय, खेळाडू, भागधारक आणि लीगमधली जागा यांवरून तपासतं. ज्याची थकबाकी आहे त्याने हे पुरावे जुनं संकेतस्थळ बंद होण्याआधी साठवावेत.

क्लबच्या बाजूने आमचा आग्रह एकाच अटीवर आहे: लीगने मोसम सुरू होण्याआधी प्रत्येक मालकाकडून निदान तीन महिन्यांच्या वेतनाची बँक हमी घ्यावी, आणि ती सपोर्ट स्टाफ व अकादमीसह. वरच्या उदाहरणात वेतन तेवढंच धरलं तर ती ४ कोटी २५ लाखांची होते. १३ कोटींची तूट भरायला तयार असलेल्या मालकाला ती जड नाही. ज्याला जड वाटते त्याने त्या वर्षी संघ उतरवू नये.

आणि पिंपरी, कॅम्प किंवा एसएसपीएमएस शाळेच्या मैदानांवरून वर येणाऱ्या एकोणीस-वीस वर्षांच्या मुलाने पहिला करार करताना इतकं पाहावं. वेतन कोणत्या कंपनीच्या खात्यातून येणार आणि करारावर सही त्याच कंपनीची आहे का. रक्कम करापूर्वीची की करानंतरची. दुखापतीच्या काळात वेतन पूर्ण चालू राहतं का आणि विम्याचा क्रमांक काय. मोसम लांबला किंवा रद्द झाला तर काय, याचं कलम आहे का. महासंघाच्या नोंदणी प्रणालीत चढवलेली कराराची प्रत स्वतःकडे आहे का. प्रतिमाहक्क किंवा प्रचाराच्या नावाखाली वेगळ्या कागदावर दिलेली रक्कम त्या नोंदणीत नसते आणि वाद झाला की तीच रक्कम सिद्ध करणं सर्वांत अवघड जातं, म्हणून ती मूळ करारातच लिहून घ्यावी.